कोठीला ऐकू येणारी हाक

त्या संध्याकाळी किल्ली नेहमीसारखीच फिरली. एकदा आत, मग अर्धी मागे, मग पुन्हा आत. आईच्या किल्लीचा एक दात झिजला होता आणि कुलूप तिला पहिल्या झटक्यात कधीच दाद देत नसे. बाबा अधूनमधून म्हणायचे, नवीन करून आणतो. आई म्हणायची, राहू दे, माझं आणि कुलपाचं जमतं.

दार उघडलं. बूट काढायच्या आधी आईने विचारलं, “साखर?”

“तुझ्या फोनवर दिसते की,” आतल्या खोलीतून ठकी म्हणाली. “जिना चढताना बघितलीच असशील.”

“बघितली. तुझ्या तोंडून ऐकायची आहे.”

“एकशे चाळीस. बाण सरळ.”

“गुणाची गं माझी ठकी.”

ठकी चाळिशीला आली होती. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, पण घरात तिला या नावाशिवाय कुणी हाक मारली नव्हती. लहान असतानाच तिच्या शरीराने इन्सुलिन बनवायचं सोडून दिलं. तेव्हापासून ते बाहेरून टोचावं लागे. आता तिच्या दंडावर एक चकतीएवढा सेन्सर असे. तो तिची साखर, आणि ती चढते की उतरते ते दाखवणारा बाण, तिच्या फोनला कळवी आणि तिचा फोन आईच्या फोनला. वाढली किंवा घसरली की दोन्ही फोन ओरडायचे. ठकीने स्वतःच्या फोनचा गजर केव्हाच मुका करून टाकला होता. आईच्या फोनला मुकं करायची कुणाची छाती नव्हती.

आई वैद्यकीय कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची आणि प्रयोगशाळेत यकृतावर काम करायची. विद्यार्थी तिला पाठीमागे कोठीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि आतून आवडतही होतं. दर वर्षी पहिल्या तासाला ती तेच सांगायची. यकृत म्हणजे घराची कोठी. जेवण झालं की उरलेली साखर तिथे रचून ठेवायची, उपाशी वेळेला काढायची. पण कोठी स्वतःच्या मनाने उघडत नाही. तिला हुकूम लागतो, आणि तो दोन वाटांनी येतो. नसेतून येते ती हाक: एका क्षणात पोहोचते. रक्तातून येतो तो निरोप: चालत चालत येतो, वाटेत दारोदार सांगत. इन्सुलिन म्हणतं, ठेव. ग्लुकागॉन म्हणतं, काढ. मेंदूतून पोटात उतरणारी एक लांब नस असते, ती म्हणते, सगळं ठीक आहे, रचून ठेव. आणि भीतीची नस काही म्हणत बसत नाही, ती दारच तोडते.

“सकाळी मी बाहेर पडले,” आई हात पुसत म्हणाली, “आणि पाठोपाठ तुझी साखर दोनशेच्या वर. नाश्ता तर आधीच पचला होता. कशाला घाबरलीस?”

“सकाळी सगळ्यांचीच चढते.”

“सगळ्यांची पहाटे चढते. तुझी मी जिना उतरल्यावर चढली.”

“मी तुझा उंदीर नाही, आई. सारखं कापून बघू नकोस.”

“उंदीर परवडले. ते खोटं बोलत नाहीत.” मग स्वतःच हसून म्हणाली, “म्हणजे घाबरले की बोलतात. घाबरलेल्या उंदराचं यकृत हमखास खोटं बोलतं.”

हे तिचं आवडतं सांगणं होतं. प्रयोगाआधी कित्येक दिवस ती उंदराला नुसतं हातात घेऊन बसायची. तोच वास, तीच वेळ, तेच गुणगुणणं. अनोळखी हात लागला की जनावराची कोठी भीतीने रिकामी होते, आणि मग मोजायचं काय, डोंबल? घाईने केलेल्या प्रयोगाला ती प्रयोग म्हणतच नसे.

बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, “मलाही लग्नाआधी असंच सहा महिने बागेत बसवून ठेवलं होतं हिने.”

“आणि तरी तुमचं यकृत अजून खोटंच बोलतं,” आई म्हणाली.

तिघंही हसली. जेवताना आईने भात नेहमीपेक्षा कमी घेतला. जेवणानंतर तिने जाता जाता ठकीच्या मानेवर मागून हात ठेवला, घाम आहे का बघायला. लहानपणापासूनची सवय. ठकीने मान झटकली. तिचं काम चालू होतं.

ठकी सूचीकार होती. जाड जाड पुस्तकांच्या शेवटी कोणता विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी सूची असते, ती तयार करायचं तिचं काम. दिवसभर ती लोकांच्या विचारांना अक्षरवार लावत बसे आणि एका नोंदीवरून दुसरीकडे वाट दाखवे. या घराची सूची करायची झाली असती तर एक नोंद तिने डोळे मिटून लिहिली असती. भीती: पाहा, साखर.

कारण या घरात ‘घाबरलीस का’ असं विचारून कुणी उत्तराची वाट बघत नसे. आकडा बघत. आणि आईने घालून दिलेला एक नियम होता: आधी साखर, मग बातमी. शाळेत असताना एकदा आजी गेल्याचं कुणीतरी ठकीला दारातच सांगितलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून कसलीही बातमी, चांगली असो की वाईट, ठकीची साखर बघून, गरज पडली तर तिला खाऊ घालूनच सांगायची. नियम इतका मुरला होता की परीक्षेचा निकालसुद्धा तिला पोटभर जेवल्यावर कळायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाहेरून आले. ते बाहेर गेले होते हेच ठकीला माहीत नव्हतं. त्यांनी तोंड धुतलेलं दिसत होतं, कॉलर ओली होती.

“साखर बघ,” ते म्हणाले.

“आईने तुम्हालाही कामाला लावलं वाटतं?”

“बघ ना.”

“ऐंशी. बाण खाली.”

“मग आधी खाऊन घे.”

त्यांनी दोन अंडी उकडली. स्वतः सोलून तिच्यासमोर ठेवली, शेजारी पाव ठेवला. सोलताना त्यांचे हात हळू चालत होते, पण बाबांचे हात नेहमीच हळू चालायचे. निवृत्त होईपर्यंत शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलेला माणूस. ठकी खात होती आणि एका लेखकाची गंमत सांगत होती. त्याला सूचीत प्रत्येक अक्षराखाली स्वतःचं नाव हवं होतं. “मी म्हटलं, ळ खाली कसं घालू?” बाबा हसले. खरोखर हसले. मग त्यांनी विचारलं, बाण कसा आहे. ती म्हणाली, सरळ.

“तुझी आई गेली,” बाबा म्हणाले. “विभागाच्या जिन्यात. हृदय.”

त्यानंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते. ती सगळी गेल्यावर घर आपल्या मापाचं राहिलं नाही. दोघंजण तिघांच्या घरात वावरत होती. बाबा स्वयंपाक करायचे, ठकी भांडी घासायची, आणि एकमेकांना ओलांडताना “जरा सरक” यापलीकडे शब्द निघत नसे. ती अंडी दोघांच्या मध्ये होती. ठकी ती हसत खात होती तेव्हा आई केव्हाच जिन्यात कोसळून गेलेली होती, आणि समोर बसलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. त्याने नियम पाळला होता. नियम पाळणाऱ्याला बोल कसा लावायचा? आणि न लावता त्याच्याशी बोलायचं तरी काय?

मग संध्याकाळचं सुरू झालं.

दिवे लागायच्या सुमाराला ठकीची साखर चढायला लागली. काही खाल्लेलं नसे. ताप नाही, दुखणं नाही. ती आतल्या खोलीत दार लोटून कामात बुडालेली असे, आणि आईच्या बंद खोलीतून फोन ओरडायचा. आईचा फोन. बाबांनी तो तिच्या उशाशी चार्जरला लावून ठेवला होता.

“बंद का करत नाही तो?” एकदा तिने विचारलं.

“करवत नाही,” बाबा म्हणाले.

पहिल्यांदा फोन ओरडला तेव्हा ती धावत गेली होती. अंथरूण घडी न मोडलेलं, खिडकी लावलेली, आणि अंधारात फोनच्या काचेवर तिचा आकडा लकाकत होता: दोनशे साठ, बाण उभा. आईचा चष्मा शेजारी होता. काचेतला आकडा चष्म्याच्या भिंगात उलटा दिसत होता, जणू कुणी तो वाचतंय.

ती शिकलेली बाई होती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, भरपूर वाचलं होतं म्हणून तर मुळीच नव्हता. पण रोज त्याच वेळेला, आई ज्या वेळेला घरी यायची बरोबर त्याच वेळेला, तिच्या पोटातली कोठी कुणीतरी येऊन उघडत होतं. ती एकटक बसून राही. अंगावर काटा येई. खोलीत कुणी नसे. आणि तरी कुणीतरी आल्याशिवाय कोठी उघडत नाही, हे तिला दुधाच्या दातांपासून पाठ होतं.

साखरेच्या डॉक्टरीणबाई आईच्याच विद्यार्थिनी. त्यांनी आलेख लांबवर धरून बघितला.

“संध्याकाळी काय होतं घरात?”

“काही नाही. मी काम करत असते.”

“बाबा?”

“फिरायला जातात, येतात.”

“दुःखाने चढते साखर, पण अशी घड्याळ लावून नाही चढत. कोठीबाई म्हणायच्या, यकृताला कुणीतरी काहीतरी सांगितल्याशिवाय ते उगाच...” त्या थांबल्या. “सॉरी. तोंडात बसलंय ते नाव.”

“असू दे. तिला आवडायचं.”

“इन्सुलिन वाढवते आहेस ना तू मनाने? जपून. कोठी एकदा रिकामी झाली की अडीअडचणीला काही उरत नाही. तू एकटी असताना घसरलीस तर उचलायला कोण आहे?”

ठकीने मान हलवली आणि घरी येऊन तेच केलं. साखर चढल्यावर टोचण्यापेक्षा चढायच्या आधीच टोचायचं. येणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं. त्यात तिला एक लाज होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. साखर चढली की तिला बरं वाटायचं. तेवढीच एक भेट उरली होती. आईनेच एकदा सांगितलं होतं, की एकाचं यकृत काढून दुसऱ्याच्या पोटात बसवतात तेव्हा त्याच्या नसा तुटलेल्या असतात. हाक बंद. तरी ते रक्तातून येणाऱ्या निरोपांवर संसार चालवतं. ठकीला वाटे, आपलं तसंच झालंय. मग ही हाक कुठून येते?

एका संध्याकाळी तिने रोजच्यासारखं आधीच टोचून घेतलं आणि कामाला बसली. युद्धावरच्या पुस्तकाची सूची होती. ‘भ’ पर्यंत आली होती. अक्षरं ओळीवरून घसरायला लागली तेव्हा तिला वाटलं, डोळे थकले. मग ओठ बधिर झाले. मान ओली झाली. मानेवर ठेवलेल्या हाताला कळलं, पण डोक्याला कळेना, की हे काय असतं.

आज कुणी आलं नव्हतं. वेळ होऊन गेली होती, कोठी उघडली नव्हती, आणि टोचलेलं इन्सुलिन मोकळ्या रानात धावत सुटलं होतं.

आईच्या खोलीतून फोन ओरडू लागला. या वेळी वेगळा आवाज, घसरल्याचा. थांबत नव्हता. तिला तो फोनचा आवाज वाटलाच नाही. तिला वाटलं, आई हाक मारते आहे, आणि नेहमीसारखं आपण उत्तर देत नाही म्हणून चिडली आहे. “येते गं,” ती म्हणाली. भिंतीला धरत, खुर्चीला अडखळत ती त्या खोलीत गेली. आईच्या उशाशी चष्म्याच्या मागे ग्लुकोजच्या गोळ्यांचा डबा होता. आईने तो तिथे आयुष्यभर ठेवला होता. ठकीने झाकण दातांनी उघडलं. गोळ्या चावताना पांढरी पूड अंथरुणावर सांडली. ती पलंगाला टेकून जमिनीवर बसली.

हळूहळू खोली पुन्हा खोली झाली. फोन गप्प झाला.

आणि तेव्हा किल्ली फिरली. एकदा आत, मग अर्धी मागे, मग पुन्हा आत.

तिने मान वर केली. “आई?”

“मी आहे,” दारातून बाबा म्हणाले. हातात मोठी पिशवी. “उशीर झाला. कॉलेजात गेलो होतो, तिचं कपाट रिकामं करायला. ठकी? तू तिथे काय...” पिशवी खाली पडली. आईचा पांढरा कोट आणि रबरी हातमोजे बाहेर आले.

“घसरले होते. आता बरी आहे. बाबा, ती किल्ली कुणाची?”

त्यांनी हाताकडे बघितलं, जणू तिथे काय आहे ते त्यांनाही आताच कळत होतं. “तिची. पर्समधून परत मिळाली ना, तेव्हापासून. माझी खुंटीला आहे.” मग चाचरत म्हणाले, “जरा अडते. मला आवडतं, अडलेली.”

ठकी हसायला लागली, आणि हसणं तिला आवरेना. मग रडणंही. दार लोटून बसलेल्या बाईच्या कानात रोज संध्याकाळी ती झिजलेली किल्ली फिरत होती. कामात बुडालेल्या डोक्याला ऐकू येत नव्हतं, पण कानाने ऐकलं की हाक नसेतून थेट कोठीपर्यंत जात होती: आली! आणि पाठोपाठ: कशी येईल? सेन्सर थोडा उशिराने सांगतो. तो आकडा दाखवी तोवर बाबा हात धुऊन बटाटे सोलायला बसलेले असत. आज त्यांना उशीर झाला, आज हाक आली नाही, आणि त्यात ती जवळजवळ गेली होती.

तिने हे सगळं बाबांना सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते.

“उद्याच कुलूप बदलतो,” ते म्हणाले. “मीच... माझ्यामुळे दुसरीही...”

“नको.”

“ठकी, वेडेपणा करू नकोस.”

“आईने काय केलं असतं? उंदराला किल्लीचा आवाज झेपत नाही म्हणून किल्ली फेकली असती?”

“हातात घेऊन बसली असती,” बाबा म्हणाले. “रोज.”

मग त्यांनी तसंच केलं. डॉक्टरीणबाईंना विचारून ठरलं की आधी टोचायचं नाही, चढली तर थोडी वाट बघायची. संध्याकाळी ठकी काम बंद करून बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून बसायची. बाबा खाली जाऊन यायचे आणि किल्ली फिरवायचे. तोच आवाज, तीच वेळ. काही वाईट घडायचं नाही. बाबा आत यायचे, एवढंच. पहिल्या दिवशी आईचा फोन ओरडला. नंतरच्या दिवशीही. एका संध्याकाळी बाबा जिन्यातून गुणगुणत वर आले आणि दारात ओशाळून थांबले. ठकीने गाणं ओळखलं. उंदरांसाठी आई तेच गुणगुणायची.

त्या दिवशीही किल्ली अर्धी मागे गेली तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली. बाबा आत आले, त्यांनी बूट काढले. थोड्या वेळाने आईच्या खोलीतून फोन वाजला.

बाबा सवयीने तिकडे निघाले.

“नका बघू,” ठकी म्हणाली.

ते खोलीच्या दारात थांबले. फोन वाजत होता. आत कुणीतरी चष्मा चाचपत असल्यासारखा तो उशाशी थरथरत होता. बाबा तिच्याकडे वळले. आकडा न बघता आता पुढे काय विचारायचं ते त्यांना सुचेना. या घरात तो प्रश्न कधी लागलाच नव्हता.

“मग... कशी आहेस?” त्यांनी विचारलं.

ठकीच्या तोंडात आकडा आला होता. नेहमीसारखा, आयता. तिने तो गिळला.

“ती जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी खिडकीत उभी होते,” ती म्हणाली. “ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि भिंतीला हात लावून थांबली. छातीवर दुसरा हात होता. खूप वेळ. मग चालायला लागली. तुम्हाला माहीत होतं?”

“दुखतंय म्हणायची. तुला सांगू नका म्हणाली. साखर चढेल.”

“चढलीच. तिच्या फोनवर गेली. संध्याकाळी तिने मला विचारलं.”

फोन थांबला. घरात इतकं शांत झालं की बाबांच्या हातातल्या किल्ल्यांची हलकी किणकिण ऐकू आली. ठकी उठली आणि त्यांच्या शेजारून खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. अंधारात काचेवर आकडा अजून लकाकत होता. तिने तो वाचला नाही. ती त्याच्या पलीकडे, चष्म्याकडे, न मोडलेल्या घडीकडे बघत होती. तिने उत्तर दिलं. मोठ्याने, शब्दांत, पहिल्यांदा.

“घाबरले होते गं आई. तू थांबलीस तेव्हा मी खूप घाबरले होते.”